म्हैस दूध चोरते म्हणजे नेमकं काय करते?

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मिळून इतके प्रश्न आलेत की सगळ्यांना जागा देता येत नाहीये, म्हणून आठ निवडले. मला फार बरं वाटलं ते याचं की शेवटचं एक पत्र सोडलं तर यातली सगळी जनावरं मुंबईतलीच आहेत, कुणाच्या खिडकीतून दिसणारी, कुणाच्या स्टेशनच्या वाटेवरची. आपण म्हणतो शहरात कुठली आलीयत गुरं-ढोरं, पण बघणारे बघतायत.

प्रश्न : आमच्याकडे पंचवीस वर्षं तबेल्यातलं दूध येतं. मागच्या महिन्यात अचानक निम्म्यावर आलं. विचारलं तर भैया म्हणाला, धार काढणारा माणूस गावाला गेलाय, नव्या माणसाला म्हैस दूध देत नाही, चोरून ठेवते. मला तर हा बहाणाच वाटला. म्हैस खरंच दूध चोरते का?
(एक गृहिणी, जोगेश्वरी)

ताई, भैया खरं बोलतोय हो. आपल्याला वाटतं टाकीत पाणी असतं तसं कासेत दूध भरलेलं असतं आणि सड पिळला की ते येतं, पण तसं नसतं. बहुतेक दूध कासेच्या आत डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक बारीक पिशव्यांमध्ये अडकलेलं असतं आणि त्या पिशव्यांभोवती जे स्नायूंचं जाळं असतं ते आवळलं गेलं तरच दूध खाली सडात उतरतं. आवळायचा निरोप नेतं ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक, ते मेंदूतून रक्तात सुटतं. आणि ते सुटतं कधी, तर पारडू ढुशी देतं तेव्हा, रोजचा हात कासेवरून फिरतो तेव्हा, बादलीचा आवाज येतो, आंबोणाचा वास येतो तेव्हा. यालाच आपल्याकडे पान्हा फुटणं म्हणतात, शब्द किती जुना आहे आणि किती बरोबर आहे बघा.

आता गाय आणि म्हैस यांच्यात इथे फरक आहे. गाईच्या कासेच्या खालच्या भागात थोडं दूध आधीच उतरून साठलेलं असतं, त्यामुळे ती पान्हवली नसली तरी पहिल्या काही धारा मिळतात. म्हशीत हा साठा अगदी नावाला. पान्हा नाही तर दूध नाही, सरळ हिशोब. त्यात नवा माणूस, अनोळखी वास, आरडाओरडा असं काही झालं की तिच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिन वाढतं, कासेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ऑक्सिटोसिनचा निरोप पोचतच नाही. म्हणजे ती चोरत नसते, मनात असो नसो, तिला दूध सोडताच येत नाही.

मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते गोरेगावच्या एका तबेल्यात, पहाटे तीनच्या धारेला. एक मोठी जाफराबादी म्हैस होती, धार काढणारे काका कोमट पाण्याने कास पुसत होते, तोंडाने एकच बारीक आवाज चालू, च् च् च्. मी टॉर्च घेऊन बाजूला उभी राहिले आणि म्हशीने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि बस्, सुरू होत आलेली धार बंद. काका न रागावता म्हणाले, "डॉक्टर, बत्ती बुझाओ और उधर बैठो." मी गेले, वैरणीच्या गंजीवर बसले. दोन-तीन मिनिटं काका नुसते कासेवरून हात फिरवत होते, मग सुरकुतलेले सड माझ्या डोळ्यादेखत टच्च भरले आणि एका सडातून थेंब आपोआप खाली पडला. त्यानंतर बादलीत जो आवाज सुरू झाला तो शेवटपर्यंत थांबला नाही.

या अडचणीवर काही लोक शॉर्टकट काढतात, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते द्यायची परवानगी नाही आणि रोज देत गेलं की म्हैस सुईशिवाय पान्हवेनाशी होते, तिचं स्वतःचं यंत्रच बिघडतं. म्हणून तुमच्या भैयाला एवढंच सांगा की पुढच्या वेळी जुना माणूस सुट्टीवर जायच्या आधी आठ-दहा दिवस नव्याला त्याच्यासोबत म्हशीपाशी उभा करा, आंबोण नव्यानेच घालू दे. दूध टिकेल.

प्रश्न : गाईचं दूध पिवळसर आणि म्हशीचं पांढरंशुभ्र का असतं? म्हैस तर काळी आहे!
(सातवीतला विद्यार्थी, भांडुप)

रंगाचा संबंध कातडीशी नाही रे, हिरव्या चाऱ्याशी आहे. गाजराला रंग देणारं कॅरोटिन चाऱ्यातही असतं, हिरव्यामागे लपलेलं असतं म्हणून दिसत नाही. गाय त्यातलं थोडं कॅरोटिन जसंच्या तसं दुधातल्या फॅटमध्ये सोडते म्हणून पिवळी झाक येते, म्हैस ते जवळजवळ सगळं 'अ' जीवनसत्त्वात बदलून टाकते आणि त्याला रंग नसतो. आईला सांगून दोन्ही तुपं शेजारी शेजारी ठेव, लगेच दिसेल. म्हशीच्या दुधात फॅटही जास्त असतं, साधारण ६ ते ८ टक्के, गाईच्या साडेतीन ते साडेचार, म्हणून तुझ्या घरी साय जाड येते.

आणि दिसायला नात्यातल्या वाटल्या तरी गाय-म्हशीचं संकरित वासरू होत नाही. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रं असतात, आपल्या म्हशीच्या ५०. जुळतच नाहीत.

प्रश्न : आमच्या सोसायटीला लागून गावठाण आहे, तिथला कोंबडा पहाटे साडेतीनपासून आरवतो. तीन मेंबरांनी लेखी तक्रार दिलीय. त्याला पूर्ण काळोखात ठेवलं तर तो थांबेल का?
(एका सोसायटीचे सेक्रेटरी, मालाड)

नाही थांबणार सर. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण तिची दुसरी बाजूही खरी आहे, कोंबडं झाकलं म्हणून कोंबडंही आरवायचं राहत नाही. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबड्यांना सतत एकसारख्या मंद उजेडात ठेवलं, ना पहाट ना संध्याकाळ, तरी ते दिवसातून ठरल्या वेळीच आरवत राहिले. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे घड्याळ कोंबड्याच्या आत आहे, उजेडाची वाट बघायची त्याला गरज नाही, उलट उजाडायच्या साधारण दोन तास आधीच तो सुरू करतो. तुमच्याकडे साडेतीन वाजतायत त्याला बहुतेक गावठाणातला हॅलोजन किंवा वळणावर येणारे गाड्यांचे हेडलाइट हातभार लावत असणार, उजेड पडला की किंवा दुसरा आरवला की तोही आरवतो, आणि ही सवय पहाटेच्या सुमारास जास्त तीव्र असते.

याच मंडळींनी २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, मला ती फार आवडते. एका ठिकाणी तीन-चार कोंबडे असले तर पहिला आरवायचा मान दराऱ्याने सगळ्यात वरच्या कोंबड्याचा, बाकीचे आपापल्या नंबराने मागून, रोज. वरचा जो असेल तो पहाट ठरवतो. आणि त्याला तिथून हलवला तर दोन नंबरचा लगेच सुरुवात करतो. म्हणून मेंबर लोक "तो एक कोंबडा काढून टाका" म्हणत असतील तर त्याचा उपयोग नाही, मागे कोण उभा आहे ते आधी बघा.

करता येण्यासारखं एकच, आणि तेही कोंबड्याच्या मालकाशी गोडीत बोलून. आरवायला त्याला मान पूर्ण उंच ताणावी लागते. रात्रीपुरतं कमी उंचीच्या पण हवा खेळती असलेल्या खुराड्यात ठेवलं आणि रस्त्याच्या दिव्याकडची बाजू गोणपाटाने झाकली तर आवाज बराच कमी होतो. सहा वाजता सोडून द्या म्हणावं. आणि मेंबरांना माझ्यातर्फे हेही सांगा की गावठाण तुमच्या टॉवरच्या आधीपासून आहे.

प्रश्न : माझी एक कोंबडी खुडूक बसलीय. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या टोपलीत बसून राहते, खात नाही, हात लावला की फुगून चोच मारते. शेजारीण सांगते थंड पाण्यात बुडव, उतरेल. बुडवू का?
(एक मावशी, वेसावे कोळीवाडा)

बुडवू नका मावशी, घाबरून जाईल बिचारी आणि पावसाळी हवेत आजारी पडेल. ती हट्टाने बसलेली नाहीये, तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलंय, ते वाढलं की अंडी घालणं बंद, भूक कमी, आणि एकच ध्यास, बसायचं. खाली अंडं असो, बटाटा असो की काहीच नसो.

पण ती बसते म्हणजे नुसती बसते असं समजू नका. एकवीस दिवस ती दिवसातून एकदाच थोडा वेळ उठते, दाणा-पाणी करते, परत येते. चोचीने अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटून मरेल. आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत पिल्लू कवचाच्या आतूनच चिवचिवायला लागतं आणि ती खालच्या आवाजात त्याला उत्तर देते, जन्मायच्या आधीच मायलेकरांचं बोलणं सुरू झालेलं असतं. कधी संधी मिळाली तर विसाव्या दिवशी रात्री टोपलीपाशी कान लावून बसा, ऐकू येतं.

तुम्हाला पिल्लं हवी असतील तर कोंबड्यासोबत राहणाऱ्या कोंबड्यांची दहा-बारा अंडी तिच्याखाली संध्याकाळी अंधारात सरकवा, बाजारातली पोल्ट्रीची चालणार नाहीत, तिथे कोंबडाच नसतो, अंडी उबणार नाहीत. पिल्लं नको असतील तर खालून जाळी असलेल्या पिंजऱ्यात दाणा-पाणी ठेवून तिला तीन-चार दिवस ठेवा, पोटाला खालून गार हवा लागली की आपोआप उतरते. टोपली मात्र नजरेआड करा.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या बकऱ्या पार्क केलेल्या गाड्यांवर चढतात, भिंतीच्या कडेवरून चालतात, पडत कशा नाहीत? आणि माझा मुलगा विचारतो त्यांच्या डोळ्यातलं काळं आडवं का असतं, त्याला भीती वाटते.
(एक आई, कुर्ला)

मुलाला सांगा की त्या आडव्या बाहुलीमुळे बकरीला मान न वळवता जवळजवळ चारी बाजूंचं दिसतं, फक्त पाठीमागची थोडी पट्टी सुटते. शिकार होणाऱ्या प्राण्याला वाघ-बिबट्या कुठून येतोय ते क्षितिजावर दिसायला हवं आणि आडवी फट त्यासाठी सोयीची, वरचं ऊन कमी आत घेते आणि बाजूचं जास्त. पण खरी गंमत अशी की बकरीने चरायला मान खाली घातली की बाहुली उभी व्हायला हवी ना? होत नाही. डोळा खोबणीतल्या खोबणीत फिरतो, ५० अंशांपर्यंत, आणि फट जमिनीला आडवीच राहते. मुलाला घेऊन उद्या गल्लीत जा, बकरी मान वर करून असताना बघा आणि मग पाला जमिनीवर टाकून खाली वाकून बघा. एकदा हे पाहिलं की भीती जाईल असं मला वाटतं.

गाडीवर चढायचं कारण म्हणजे तिचे मूळ पूर्वज डोंगरातले, उंच जागा म्हणजे सुरक्षित जागा. खुराची कडा टणक आणि आतला भाग मऊ रबरासारखा, शिवाय खुराचे दोन भाग फाकतात, त्यामुळे पकड बसते.

बकरी काहीही खाते हेसुद्धा खरं नाही हं. ती ओठाने आणि जिभेने चाचपून बघते म्हणून आपल्याला वाटतं पोस्टर खातेय, पण पायाखाली तुडवलेला, घाण लागलेला चारा ती शिवत नाही, गाय एकवेळ खाईल. आणि अडकली की माणसाकडे बघते. लंडनच्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, खाऊचा डबा बकरीला उघडता येणार नाही असा बंद करून ठेवला, तर ती डब्याकडे आणि समोरच्या माणसाकडे आळीपाळीने बघायला लागली, कुत्रा बघतो तशी.

प्रश्न : मी रोज देवळाबाहेरच्या गाईला आदल्या दिवशीचा भात आणि पोळ्या घालते. परवा एकाने टोकलं की तुम्ही तिला मारताय. खरंच वाईट आहे का हे? आणि ती काही खात नसतानाही सारखी तोंड का हलवत असते?
(निवृत्त शिक्षिका, दादर)

बाई, तुमची भावना मला पोचतेय, पण टोकणाऱ्याने चुकीचं सांगितलं नाही, फक्त नीट सांगितलं नाही. एक पोळी घातली म्हणून गाय मरत नाही. पण तुमच्यासारखी श्रद्धा असलेली माणसं त्या देवळात रोज किती येतात? प्रत्येकाचा मूठभर भात, दोन पोळ्या, एक लाडू, सगळं एकाच पोटात जातं.

गाईचं पोट चार कप्प्यांचं. पहिला कप्पा डाव्या बाजूला, मोठ्या गाईत शंभर लिटरहून जास्त मावेल एवढा, आणि त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात, खरं म्हणजे गवत गाय पचवत नाही, ते पचवतात. त्यांना सवय सावकाश आंबणाऱ्या गवता-कडब्याची. भात आणि कणीक भराभर आंबतात, पोटात आम्ल होतं, सूक्ष्मजीव मरतात, पोट थांबतं, गाय खाली बसते आणि कधीकधी उठतच नाही. आणि यावरचं औषध तिच्याच तोंडात असतं, रवंथ. घाईघाईत गिळलेला चारा ती निवांत बसून गोळ्या-गोळ्याने तोंडात परत आणते, एकेक गोळा चाळीस ते साठ वेळा चावते, दिवसाचे सात-आठ तास हेच काम. त्यात लाळ सुटते दिवसाला शंभर लिटरच्या आसपास, आणि ती लाळ खाण्याच्या सोड्यासारखी आम्ल मारते. भात चावावा लागत नाही, म्हणजे रवंथ नाही, म्हणजे लाळ नाही. म्हणून तुम्हाला ती तोंड हलवताना दिसते ना, ते बघून आनंद माना, गाय बरी आहे. तिच्या मानेकडे नीट बघा, गोळा गिळला की दोन-चार सेकंद सगळं शांत, आणि मग मानेच्या डाव्या बाजूने एक फुगवटा खालून वर सरकत जातो. आम्ही डॉक्टर लोक उभं राहून तो मोजतो.

दुसरी गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. गाईला वरचे पुढचे दात नसतात, जिभेने वेटोळं घालून ती चारा ओढते आणि न निवडता गिळते. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकत असताना एका रस्त्यावरच्या गाईचं ऑपरेशन मी बघितलं होतं. पहिल्या कप्प्यातून हाताने प्लास्टिक काढत होते, दोरे, पिशव्या, सगळं एकमेकांत पीळ बसून दोरखंडासारखं झालेलं. त्यात एका पिशवीची गाठ तशीच होती. न सुटलेली. कुणीतरी उरलेलं अन्न पिशवीत बांधून ठेवलं होतं आणि गाईने वासावर पिशवीसकट गिळलं, आतलं अन्न तिला मिळालंच नाही. तारा-खिळ्यांचंही तसंच, ते जड म्हणून दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतात, त्याच्या आतून मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि पुढे पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्यापलीकडे लगेच हृदय. खिळा तिकडे घुसला की संपलं.

तेव्हा बाई, तिथे जी मावशी गाय घेऊन बसते तिच्याकडची गवताची पेंढी घ्या, रोज एक. पोळी द्यायचीच तर अर्धी, सणावाराला.

प्रश्न : घोडा उभ्यानेच झोपतो का?
(एक वाचक, महालक्ष्मी)

डुलक्या उभ्याने. मागच्या पायाचा सांधा तो कडी घातल्यासारखा अडकवून ठेवू शकतो म्हणून स्नायू न थकता उभा राहतो, एक मागचा पाय नेहमी सैल दिसेल तुम्हाला. पण गाढ झोपेसाठी त्यालाही आडवं व्हावंच लागतं, दिवसाला साधारण अर्धा तास, आणि जागा सुरक्षित वाटली तरच तो पडतो.

प्रश्न : मी ७८ वर्षांचा आहे, मूळ सातारा जिल्ह्यातला. लहानपणी आमची खिल्लार जोडी होती. वडिलांनी अडचणीत एक बैल विकला. दुसरा कितीतरी दिवस वैरणीला तोंड लावेना, संध्याकाळी वाटेकडे बघून हंबरायचा. मुलांना सांगितलं तर म्हणतात, आजोबा, तुम्हाला तसं वाटलं असेल. तुमचं मत कळवा.
(गिरगाव)

आजोबा, तुम्हाला तसं 'वाटलं' नव्हतं, तुम्ही ते बघितलं होतं. वैरण सोडणं आणि हंबरणं या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी आहेत, त्यात भास कसला?

इंग्लंडमध्ये नॉर्थहॅम्प्टन विद्यापीठात २०११ च्या सुमारास गाईंवर काम झालं, गाईला अर्धा तास तिच्या नेहमीच्या जोडीदारणीसोबत ठेवलं आणि मग अनोळखी गाईसोबत, आणि दोन्ही वेळा हृदयाचे ठोके मोजले. ओळखीची शेजारी असली की ठोके कमी, गाय शांत. मेंढ्यांचं तर याहून पुढचं, केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की मेंढीला पन्नास वेगवेगळ्या मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात राहतात. नुसत्या फोटोवरून! तुमचे बैल तर वर्षानुवर्षं एका जुवाखाली चाललेले, एका दावणीला बांधलेले, एकमेकांची मान चाटलेले. कळपातल्या जनावराला एकटं पडणं म्हणजे धोका, ते त्याच्या रक्तातच आहे, आणि त्याचा कळप म्हणजे तो एक बैल होता. याला दुःख म्हणायचं की नाही यावर मुलांशी वाद घालत बसू नका, पण माझं मत विचारलंत म्हणून सांगते, मी म्हणते.

एक गोष्ट मला तुमच्याकडून हवीय. जोडीतला प्रत्येक बैल आपल्या बाजूला शिकलेला असतो, डावीकडचा उजवीकडे जुंपला की बुजतो, पाय अडखळतो, नांगर वाकडा जातो. तुमच्या वडिलांनी पुढे नवा बैल आणून जोडी लावली असेल तर राहिलेल्याला त्याच्याच बाजूला ठेवलं होतं का, आणि नव्याला त्याने किती दिवसांनी दावणीत जवळ येऊ दिलं? आठवत असेल तर सविस्तर लिहा, सातारी भाषेतच लिहा. पुढच्या अंकात पूर्ण छापू.